पोटखराब्यातले गवत

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जावे, ओवाळून घ्यावे, पोटभर जेवावे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यावे, एवढाच माझा दरसालचा कार्यक्रम. गेल्या भाऊबीजेला मात्र अक्काचे निरांजन पुढे येण्याआधी माझ्या हातात सात-बाराचा उतारा आला आणि तोंडात गवत! मंडळींचा गैरसमज होऊ नये म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

माझी अक्का खारबावला दिलेली. भिवंडी तालुक्यातले हे गाव. दिव्याहून वसईला जी गाडी जाते तिच्यावर भिवंडी रोडनंतरचे स्टेशन. ही गाडी मुंबईकरांना ठाऊक असलेल्या लोकलसारखी दर चार मिनिटांनी येत नाही. एक चुकली तर दिव्याच्या फलाटावर निम्मा दिवाळी अंक वाचून होतो. अक्काचे लग्न झाले तेव्हा गावाच्या एका अंगाला भातखाचरे, दुसऱ्या अंगाला खाजणे आणि मध्ये जिकडे पाहावे तिकडे गवत असे. पाऊस सरला की विळे निघत. गवताच्या गठड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. मुंबईकर ज्या म्हशीचे दूध पिऊन वाढले तिचा चारा या ठाणे जिल्ह्यातून गेलेला असे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक होते.

आता दोन्ही अंगांना गोदामे आहेत. पत्र्याची, लांबच लांब, खिडक्या नसलेली. आपण घरबसल्या मागवलेली साडी किंवा मिक्सर दाराशी येण्यापूर्वी बहुधा भिवंडीच्या एखाद्या गोदामात मुक्काम करून आलेला असतो. तेव्हा गोदामांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझ्या पायांतली चप्पलसुद्धा त्याच वाटेने आली आहे.

अक्काच्या यजमानांना सारा गाव मास्तर म्हणतो, म्हणून आम्हीही मास्तरच म्हणतो. चौतीस वर्षे शाळेत शिकवून ते निवृत्त झाले, पण खडूची सवय गेली नाही. समोर कोणी बसले की त्यांचा धडा सुरू. त्यांची नात चिमी, वय वर्षे नऊ, ही त्यांची सध्याची एकमेव विद्यार्थिनी आणि मला वाटते आजवरची सर्वांत वरचढ.

तर त्या दिवशी मी अंगणात पाऊल टाकले तेव्हा चिमी आपल्या किल्ल्यापुढे उकिडवी बसली होती. किल्ला झकास होता. बुरूज होते, दरवाजा होता, सिंहासनावर महाराज होते, आणि पायथ्याशी महाराजांहून मोठा एक प्लास्टिकचा वाघ होता. अशा किल्ल्यावर आपण अळीव टाकतो आणि चार दिवसांत हिरवळ येते, हे कोणत्याही मराठी घरात सांगायला नको. चिमीचे अळीव यंदा कुजले होते. पण तटाच्या कडेने आणि खंदकाच्या काठाने बुटक्या, टोकदार पानांचे करडे-हिरवे गवत मात्र छान लावलेले होते.

“दुर्वा वाटतं?” मी म्हणालो.

“दुर्वा नाहीत, मामाआजोबा. चाटून बघा.”

नऊ वर्षांच्या मुलीने भाऊबीजेच्या दिवशी गवत चाटायला सांगितले तर काय करावे, याचा विचार करण्यापूर्वी मी ते चाटले होते. खारट! मीठ भुरभुरावे तसे खारट. पान उन्हात धरून पाहिले, तर त्यावर बारीक चमकदार कण दिसत होते. साखरेसारखे चमकणारे, पण साखर नव्हे.

मास्तर ओसरीवरून पाहत होतेच. धडा सुरू झाला.

“काकडीची कोशिंबीर करताना अक्का काकडीला मीठ लावून ठेवते. पुढे काय होतं?”

“पाणी सुटतं,” मी म्हणालो. या वयात मला बरोबर उत्तर देता येते याचा आनंद झाला.

“खाजणातल्या मुळांचं तेच होतं. भोवतालचं पाणी खारं. मुळांनी पाणी ओढायचं, तर तेच मुळांतून बाहेर ओढलं जातं. गुडघाभर पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मरतं. झाडाच्या दृष्टीनं आमची खाडी म्हणजे वाळवंट आहे, भाऊराव. फक्त ओलं.”

मग त्यांनी सांगितले ते असे. हे गवत आपल्या रसातच मीठ बाळगते, म्हणून त्याला खाऱ्या मातीतून पाणी ओढता येते. आणि अंगात साठलेले जादा मीठ पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. पानावरचे कण तेच. खऱ्या वाळवंटातल्या खाऱ्या जमिनीत आणि समुद्राकाठच्या चिखलात ते सारख्याच मजेत राहते. उत्तर आफ्रिका, अरबस्तान, इराण, सिंध, कच्छचे रण, आणि तिथून खाली आमचे खारबाव. कच्छच्या बन्नी नावाच्या मोठ्या गवताळ मुलुखात गुरे ते चरतात. त्या बन्नीचीही एक कथा आहे. रण पुढे सरकू नये म्हणून १९६१च्या सुमारास तिथे परदेशी वेड्या बाभळी लावल्या गेल्या. बाभळी फोफावल्या आणि वाळवंट राहिले बाजूला, त्यांनी गवतच गिळायला सुरुवात केली. वाळवंटापासून गवत वाचवायला निघालेल्या माणसांनी असे पुष्कळ केले आहे.

गवताचे शास्त्रीय नाव मास्तरांना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शोधून दिले होते. एल्युरोपस लॅगोपॉइडिस. हे नाव घेताना माझी जीभ दोनदा अडखळली, पण अर्थ कळल्यावर मला ते फार आवडले. एल्युरोपस म्हणजे मांजराचे पाऊल आणि लॅगोपॉइडिस म्हणजे सशाच्या पावलासारखे. याचा तुरा लहान, गुबगुबीत आणि लवदार असतो, त्यावरून हे नाव. लिनियससारख्या महापंडिताने १७६७ साली या गवताचे बारसे केले तेव्हा त्याला ससा आठवला, पुढे दुसऱ्या पंडिताला मांजर आठवले, आणि दोघांचीही आठवण त्या बापड्या गवताने आजवर सांभाळली आहे. गावात विचाराल तर म्हातारी माणसे त्याला नुसते ‘खारे गवत’ म्हणतात.

आपल्याकडच्या गवतांचा मोठा हिशेब मांडला तो मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या फादर ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटात वनस्पती गोळा करीत हिंडले आणि सहकाऱ्याबरोबर त्या वाळवंटाच्या वनस्पतींवर त्यांनी लेखमाला लिहिली. मॅकॅन यांच्यासह लिहिलेला त्यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ १९३५ साली निघाला, पण तो पाहायला फादर राहिले नव्हते. ते १९३४ सालीच गेले. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या कॉलेजात आजही आहे. जैसलमेरची वाळू आणि आमच्या इलाख्यातला चिखल दोन्ही तुडवणारा हा माणूस मास्तरांचे दैवत आहे.

एवढे सगळे झाल्यावर मास्तरांनी सात-बाराचा उतारा माझ्या हातात ठेवला.

खाजणाची शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाडीचे पाणी अडवायला मातीचा बांध घालतात आणि त्या बांधाला दार ठेवतात. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीला खाडीचे पाणी आत येऊ नये, अशी तिची व्यवस्था. पावसाने जमिनीतले मीठ धुतले जाते आणि मग खार सोसणारे भात तिथे पिकते. पनवेलला याच कामासाठी खार जमीन संशोधन केंद्र आहे, आणि काळा रता, भुरा रता ही त्या शेतीतल्या भातांची जुनी नावे. पण बांध आणि उघाडी राखायला गावाचे हात लागतात. मास्तरांच्या शेताची उघाडी काही वर्षांपूर्वी उधाणात फुटली. एकदा दुरुस्त झाली, पुन्हा फुटली. भात गेले. आणि उघाडीलगतच्या अकरा गुंठ्यांच्या पट्टीत, जिथे भात कधीच नीट येत नव्हते, तिथे हे गवत पसरले. त्याच्या आडव्या काड्या जमिनीवरून धावतात आणि पेरापेराला मुळे धरतात. त्यामुळे बांधाचा पायथा त्या एवढ्याच भागात ढासळलेला नाही, असे मास्तरांचे म्हणणे. मी जाऊन पाहिले. खरेच नव्हता ढासळला.

जमीन मास्तरांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावर. बाळभावोजींचे यंत्रमाग भिवंडीत बंद पडलेले. गोदामासाठी जमीन बघणारा दलाल दिवाळीआधी तीनदा येऊन गेला होता. बाळभावोजींना विकायची होती. आणि खरे सांगायचे तर अक्कालाही विकायची होती.

“सहा वर्षं झाली त्या शेतात दाणा पिकून,” ती मला आत बोलावून म्हणाली. “माजघर गळतंय. चिमीच्या बापाच्या नोकरीचा भरवसा नाही. आणि हे म्हणतात, तिथं गवत आहे! भाऊ, तू तरी समजाव यांना.”

मी कोणाला काय समजावणार? अक्काचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. शहरात तीन खोल्यांच्या घरात राहून दुसऱ्याला गवतासाठी गरिबीत राहा म्हणणे मला जमले नसते. पण मास्तरांचेही मला पटत होते, आणि दोघांचे पटणे ही माझी जुनी खोड आहे.

उताऱ्यावर त्या अकरा गुंठ्यांपुढे शब्द होता : पोटखराबा. लागवडीस अयोग्य. जमिनीच्या पोटातला खराब भाग. त्याला आकार नाही, म्हणजे सारा नाही, म्हणजे सरकारच्या लेखी तिथे काही नाही.

“बघ,” मास्तर म्हणाले, “जगाच्या दप्तरात या गवताची नोंद काय, आणि आमच्या दप्तरात काय!”

जगाचे दप्तर म्हणजे निसर्ग संवर्धनाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची लाल यादी. १९६४ पासून ती ठेवली जाते. कोणती जात नामशेष झाली, कोणती अतिसंकटात आहे, कोणाची काळजी नको, याच्या पायऱ्या तिने ठरवल्या आहेत. यादी मोठ्या कामाची आहे, पण ती हिशेब करते तो साऱ्या जगातल्या त्या जातीचा. आफ्रिकेपासून खारबावपर्यंत पसरलेले गवत खारबावातून गेले तर यादीत स्वल्पविरामही हलणार नाही. ते जगात राहीलच. फक्त इथे राहणार नाही. आणि इथला बांध इथल्या गवताने धरलेला आहे, इराणातल्या नव्हे.

बरे, याद्या चुकतात त्या दोन्ही बाजूंनी. याचे उदाहरण आपल्याच सह्याद्रीत आहे आणि ते मला इतके आवडते की विषय जरा सोडून सांगतो. १९१९ साली सेजविक आणि बेल या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी एक नाजूक गवत गोळा केले. आमच्या खाऱ्या गवताच्या अगदी उलट स्वभावाचे. सदा तुषारांत भिजलेले खडक हेच त्याचे घर. वाळवून ते संग्रहात गेले. पुढे १९५१ साली बोर या तज्ज्ञाने ते साऱ्या गवतांहून वेगळे ठरवून हबर्ड नावाच्या दुसऱ्या गवतपंडिताचे नाव त्याला दिले : हबार्डिया हेप्टान्यूरॉन, म्हणजे सात शिरांचा हबार्डिया. तोवर शरावतीचे पाणी विजेसाठी वळायला लागले होते. १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण झाले आणि धबधब्याचे तुषार आटले. मग गवत शोधूनही सापडेना, आणि ते नामशेष झाले असे धरले गेले. संपले! पण २००२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे प्राध्यापक श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी तिलारीच्या घाटात हिंडत होते. तिथल्या ओल्या कड्यावर हे मेलेले गवत हिरवेगार उभे होते. कोणत्याही दप्तराला न विचारता. विद्यापीठाच्या बागेतही मग ते वाढवण्यात आले. अर्थात ते अजूनही अतिसंकटातच गणले जाते. एका कड्यावरचे आयुष्य ते केवढे!

खाडीकाठी खारफुटीचे दिवस त्या मानाने बरे आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या तोडीला मनाई केली, आणि २०२० साली पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. झाड उंच असते, लांबून दिसते, त्याचा फोटो चांगला येतो. तिच्यामागच्या खाऱ्या दलदलीला किनारा नियमांत जागा आहे, नाही असे नाही. पण घोट्याएवढ्या गवतावर मुरमाचा पहिला डंपर पडला की नियम कुठे लागू होता हे दाखवायलाही काही शिल्लक राहत नाही. मास्तरांच्या शेजारच्या शेतात त्या दिवाळीच्या आठवड्यात तेच झाले होते. चिमीने किल्ल्यासाठी गवताचे ठोंब आणले ते तिथून, मुरूम पडायच्या आदल्या संध्याकाळी.

भाऊबीजेच्या दुपारीच दलाल आला. सुट्टीच्या दिवशीही येतात ही माणसे, चिकाटीची म्हणायची. जेवण होऊन आम्ही सुपारी कातरत होतो. मास्तरांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि शेताचा भाव ऐकून घेतला. भाव बरा होता. बाळभावोजींचा चेहरा उजळला. मग दलाल म्हणाला, “त्या अकरा गुंठ्यांचं वेगळं काही मिळायचं नाही हां मास्तर. पोटखराबाच तो. तो असाच जोडून द्यायचा.”

“म्हणजे फुकट?”

“आता खराब्याला काय भाव असणार?”

मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. “मग तो तुमच्या काही कामाचा नाही. तेवढा राहू द्या आमच्याकडे.”

दलालाने दोन तास घासाघीस केली. त्यालाही खरी तर ती पट्टी हवी होती, पण तिला मोल आहे असे एकदा कबूल केले तर भाव द्यावा लागला असता. शेवटी शेत विकायचे ठरले आणि पट्टी राहिली. बाळभावोजी थोडे रुसले, अक्का सुटकेचा श्वास टाकून चहा ठेवायला गेली, आणि मास्तर संध्याकाळभर आपला डाव किती चांगला पडला ते मला सांगत राहिले. मीही मान डोलावली. ‘पोटखराबा’ या एका शब्दाने गवत वाचवले म्हणून आम्ही दोघेही खूष होतो.

इथे माझा लेख संपला असता तर बरे झाले असते. पण वर्ष उलटले आहे आणि मास्तरांचा फोन दर पंधरवड्याला येतो.

झाले असे की, गोदामासाठी शेतात पुरुषभर उंच भराव पडला, आणि त्याला पाणी लागू नये म्हणून खाडीच्या बाजूने पक्का बांध झाला. आता पट्टीत भरती येत नाही. यंदाच्या पावसाने उरलेसुरले मीठ धुऊन नेले. तुम्ही म्हणाल, मग चांगलेच झाले. माती गोडी झाली! पण खारे गवत टिकून होते ते दुसऱ्या कोणाला तिथे राहणे जमत नव्हते म्हणून. माती गोडी होताच दुर्वा आल्या, लव्हाळे आले, टाकळा आला. ही सगळी भराभर वाढणारी मंडळी. त्यांच्या दाटीत आमच्या मांजरपावलीला ऊन मिळेना. मिठाने जे मेले नाही ते गोड्या पाण्याने मरू लागले. मास्तरांनी पट्टीत खुंट्या मारल्या आहेत आणि चिमी दर रविवारी वहीत मोजमाप लिहिते. श्रावणात गवत पहिल्या खुंटीच्या मागे गेले होते, नवरात्रात दुसरीच्या.

मास्तरांनी नव्या मालकाच्या माणसाकडे बांधातून हातभर रुंदीची एक मोरी मागितली आहे, भरतीचे पाणी पट्टीपुरते यावे म्हणून. खाऱ्या पाण्याची मागणी करणारा शेतकरी त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. “बघू,” असे तो म्हणाला आहे. अक्काने माजघराचे छप्पर नवे केले. आता तीच मास्तरांना दर आठवड्याला विचारते, “मोरीचं काय झालं?”

आणि एक सांगायचे राहिले. गेल्या भाऊबीजेला निघताना चिमीने किल्ल्यावरचा एक ठोंब रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून मला दिला होता. आमच्या गॅलरीत तो वर्षभर आहे. महिन्यातून एकदा मी त्याला चमचाभर मीठ विरघळवून पाणी घालतो आणि शेजारचे लोक माझ्याकडे पाहतात. गणपतीत आमच्या हिने घाईघाईत त्यातल्या एकवीस काड्या खुडून दुर्वा म्हणून देवाला वाहिल्या. देवाने चालवून घेतल्या असाव्यात, कारण डबा पुन्हा भरून आला आहे. कडेवरून काड्या खाली लोंबत आहेत.

परवा चिमीचा फोन होता. यंदाचा किल्ला राजगड आहे. अळीव पेरायचे नाहीत असे ठरले आहे, पण पट्टीतले गवत उपटायला आजोबांनी मनाई केली आहे.

“मामाआजोबा, येताना डबा घेऊन या. सगळा. मोरी झाली तर तिथं लावायचंय.”

“आणि नाही झाली तर?”

“तर खंदकात,” ती म्हणाली. “मी मीठ घालीन.” मागून अक्काचा आवाज आला की मिठाची बरणी मग कुलुपात ठेवावी लागेल.

तेव्हा यंदा भाऊबीजेला एका हातात ओवाळणी आणि दुसऱ्या हातात रंगाचा डबा घेऊन मला दिव्याला गाडी धरायची आहे. गर्दी फार असते. डबा मांडीवर घ्यायचा म्हणजे बसायला जागा मिळाली पाहिजे.